गिर्यारोहकाचे श्वास

सिटीवेस्ट, डब्लिन
१४ जून २०२०

आत्या,

नमस्कार. पुढे ‘साष्टांग’ वगैरे लिहिलेलं तुला चालत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. शुक्रवारी माझी फिजिऑलॉजीची तोंडी परीक्षा झाली. पाचपैकी चार मिळाले. बाबांनी लिक्सलिपहून कामावरून येताना केक आणला. मी तो खाल्ला. खायला नको होता असं वाटतं, आणि का ते फक्त तुला सांगता येईल.

हंगेरीत, मेडिकल कॉलेजात असते तर परीक्षा नेहमीसारखी झाली असती. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असतात. एक उचलायची, तिच्यावरच्या विषयावर उभ्याने बोलायचं, समोर दोन प्राध्यापक. मार्चपासून आम्ही सगळे आपापल्या देशांत परतलो आहोत, त्यामुळे आता लॅपटॉपसमोर बसून एक आकडा सांगायचा. मी सतरा सांगितला. सतरा म्हणजे फुप्फुसांतलं रक्ताभिसरण.

त्याआधी लॅपटॉप उचलून खोली दाखवावी लागते. मी तीन भिंती दाखवल्या. चौथीकडे वळणार, तेवढ्यात प्राध्यापकबाई म्हणाल्या, ठीक आहे, बसा. चौथ्या भिंतीवर, म्हणजे लॅपटॉपच्या मागे, माझ्या डोळ्यांसमोर, तू मला दिलेला तक्ता आहे. मी अकरा वर्षांची असताना आई-बाबांकडे इथे यायला निघाले, तेव्हा तू खाकी कागदावर निळ्या-लाल पेन्सिलीने काढून दिला होतास तो, हृदय आणि फुप्फुसांचा. दहा वर्षं तो तिथेच आहे. तो मला आता दिसतही नाही, देवळातल्या घंटेसारखा. पण उत्तर देताना एकदा मी वर पाहिलं. डाव्या कर्णिकेत किती शिरा येतात ते सांगताना. चार, हे मला माहीत होतं. तरी पाहिलं.

आता मी काय करू? सांगू का त्यांना?

तू तुझ्या मागच्या पत्रात विचारलं होतंस की उंटाला तहान लागत नाही असं म्हणणं चूक का आहे. उत्तर मागच्या पानावर लिहिलं आहे.

तुझी,
ज्ञानदा


नागपूर
१८ जून २०२०

चि. ज्ञानदा,

उंटाचं उत्तर बरोबर. मूत्रपिंडाचा उल्लेख राहिला, म्हणून दहापैकी आठ.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत आहे. माहीत नसतं तर विचारलं नसतंस. सात वर्षांची असताना दम्यामुळे तुला शाळेतून काढून माझ्याकडे ठेवलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पहिल्या दिवशी आपण एकच नियम केला होता. येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, पण गप्प बसायचं नाही. हा तोच नियम आहे. कळव त्यांना.

पत्राचा फोटो पद्माकर काढून पाठवतो आहे. एकतीस वर्षं माझ्या प्रयोगशाळेत त्याने बेडूक पकडून दिले, आता माझ्या खालच्या खोल्यांत राहून मोबाइल पकडतो. म्हणतो, “बाई, पोरीले कायले फसवता? चार मिळाले ना.” मी त्याला सांगितलं, तू चहा टाक. फोनवर बोलले असते तर मीच तुला दोन शब्द बरे सांगितले असते, पण माझे कान तुला ठाऊक आहेत.

प्रश्न : बासरीवाला फुंकताना चक्कर येऊन पडतो. त्याला हवा कमी पडली की जास्त झाली?

आत्या


सिटीवेस्ट
९ जुलै २०२०

आत्या,

मी कळवलं. त्यांनी चौकशी केली. प्रामाणिकपणाची नोंद घेतली असं पहिल्या ओळीत आहे. परीक्षा रद्द, असं दुसऱ्या ओळीत. फिजिऑलॉजी सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसता येत नाही, तेव्हा माझं वर्ष गेलं. आता हा एकच विषय घेऊन वर्षभर इथून शिकायचं, आणि दोनदा नापास झाले तर नाव काढून टाकतात.

नीव्ह, माझी कॉर्कची रूममेट, फोनवर म्हणाली, “भिंतीवरचा कागद? ज्ञानदा, मी तर अख्खं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते.” ती तिसऱ्या वर्षात गेली.

बाबांना तुझं पत्र मी दाखवायला नको होतं. त्यांनी विचारलं, कळवायचं कोणी सुचवलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. ते म्हणाले, “ताईला काय जातं तत्त्व सांगायला? इथे गुण कमी पडले म्हणून पोरगी हंगेरीत घातली, आता तिथूनही काढतील.” आई म्हणाली, “गिरीश, हळू. ऐकू जातंय तिला.” ते म्हणाले, “ऐकू दे.” तुझा रविवारचा मेसेज त्यांनी उघडलेला नाही. राखीपर्यंत शांत होतील असं आई म्हणते.

तक्ता मी काढून स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवला आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

बासरीवाल्याला हवा जास्त झाली. कार्बन डायऑक्साइड धुऊन निघाला, म्हणून चक्कर.

ज्ञानदा


नागपूर
६ ऑगस्ट २०२०

चि. ज्ञानदा,

बासरीवाला दहापैकी दहा.

राखीला गिरीशचा मेसेज आला नाही. येईल तेव्हा येईल. तो चौथीत असताना मी त्याची उत्तरपत्रिका तपासून खरे गुण आईला सांगितले होते, तेव्हाही महिनाभर बोलला नव्हता. तू मधे पडू नकोस.

मी तुला जे सांगितलं ते आजही सांगेन. पण त्याची किंमत तू भरलीस, मी नाही, हेही खरं आहे. हे वाक्य लिहून ठेवायचं होतं.

प्रश्न : पाणबुड्या वर येताना श्वास रोखून का धरत नाही?

आत्या


सिटीवेस्ट
१७ जानेवारी २०२१

आत्या,

डिसेंबरच्या परीक्षेत मी नापास झाले. तुला महिनाभर कळवलं नाही, हे नियमात बसत नाही. माफ कर.

येत होतं सगळं. पण मी इतक्या वेळा “याची मला पूर्ण खात्री नाही” म्हणाले की प्राध्यापक म्हणाले, मग तुम्हाला खात्री कशाची आहे? मी गप्प बसले. तेही नियमाबाहेरच.

आता एकच संधी उरली आहे. २६ एप्रिल, सोमवार. त्यात गेले तर हंगेरी संपली. तिथल्या खोलीत माझा पांढरा कोट अजून दाराच्या मागे लटकतो आहे. घरमालकीण फोटो पाठवून विचारते, यायचं आहे की काढू?

इथे पुन्हा सगळं बंद आहे. पाच किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही. दुपारी मी लुआसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत चालत जाते. रिकामी ट्राम येते, दारं उघडते, मिटते आणि परत जाते. तेवढाच दिवस.

बाबा तुझं नाव काढत नाहीत. पण तू पाठवलेला मेतकुटाचा डबा संपत आला, तेव्हा त्यांनी आईला तो धुऊ दिला नाही.

पाणबुड्याचं उत्तर सोबत. मला तुझे प्रश्न हवेत आत्या. श्वसनावरचे जास्त. तिथेच मी अडकते.

ज्ञानदा


नागपूर
२८ मार्च २०२१

चि. ज्ञानदा,

गेल्या दोन महिन्यांतली तुझी उत्तरं पुन्हा एकत्र वाचली. चुका नाहीत. प्रत्येक उत्तराच्या शेवटी तू जे ‘असं मला वाटतं’ लिहितेस ते खोडत जा. रक्त फुप्फुसात जातं हे तुला वाटत नाही, ते जातं.

मी परवा लस घेतली. पहिली. दंड दुखतो, म्हणून अक्षर असं आहे. रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी भेटले, दोघांची टक्कलं पडली आहेत. शहर वाईट आहे. आमच्या गल्लीत तीन घरांवर पत्रे ठोकले. पद्माकर भाजी धुऊन धुऊन तिची चव घालवतो.

प्रश्न : दम्याच्या मुलाचे श्वास मोजायचे असतील तर त्याला सांगून का मोजू नयेत?

आत्या


सिटीवेस्ट
३१ मार्च २०२१

आत्या,

याचं उत्तर मला पुस्तकातून शोधावं लागलं नाही. सांगितलं की श्वास बदलतो. तू वर्तमानपत्र उलटं धरून माझ्या समोर बसायचीस आणि मला वाटायचं तू वाचते आहेस. एकदा मी म्हटलं, “आत्या, पेपर उलटा आहे,” आणि तू म्हणालीस, “चोवीस. आज बरी आहेस.”

‘असं मला वाटतं’ लिहिलं नाही, बघ.

ज्ञानदा


नागपूर
१३ एप्रिल २०२१

चि. ज्ञानदा,

आज पाडवा. पद्माकरने खाली गुढी उभारली. मी जिने उतरले नाही, खिडकीतून पाहिली.

दहापैकी दहा. पेपर रोजच उलटा असायचा हे मला माहीत नव्हतं.

आता शेवटचे दिवस, म्हणून जरा मोठा प्रश्न. नीट सोडव.

एक गिर्यारोहक तळावर आहे. बोटाला लावायचं यंत्र जवळ आहे. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा पहिल्या दिवशी ९५, तिसऱ्या दिवशी ९३, आज पाचव्या दिवशी ९१. नाडी ९८. थोडा ताप. धाप नाही. चहा पितो, वाचतो, बोलतो. म्हणतो, मी ठीक आहे. (अ) आकडा घसरतो आहे तरी त्याला त्रास का जाणवत नाही? (आ) तो म्हणतो तसा तो ठीक आहे का? (इ) पुढे काय होईल?

आत्या


सिटीवेस्ट
१६ एप्रिल २०२१

आत्या,

तीन दिवस लागले, कारण मला प्रत्येक वाक्य तपासायचं होतं.

(अ) धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. हा माणूस नकळत जोरात श्वास घेतो आहे, त्यामुळे तो वायू बाहेर पडतो आणि मेंदूला धोक्याची सूचना मिळत नाही. बासरीवाल्यासारखंच.

(आ) नाही. त्याचं ‘मी ठीक आहे’ खोटं नाही, पण चूक आहे.

(इ) ९० पर्यंत रक्तातल्या प्राणवायूची वक्ररेषा सपाट असते. तिथून ती कड्यासारखी उतरते. ९५ वरून ९१ ला यायला पाच दिवस लागले, म्हणून ९१ वरून ८५ लाही तितकेच लागतील असं नाही. तासही पुरतील. त्याने आजच, ताबडतोब खाली उतरायला हवं.

दोन शंका. एक, पाच दिवस एकाच उंचीवर राहिलं तर शरीर सरावतं, आकडा थोडा वाढायला हवा. इथे घसरतो आहे. म्हणजे कारण उंची नाही, काहीतरी दुसरं आहे. प्रश्नात चूक आहे, की हा सापळा आहे? दोन, श्वासांची संख्या दिलेली नाही. नाडी दिली आणि श्वास नाहीत, असं तू कधी करत नाहीस. तो एकटा आहे का? स्वतःचे श्वास स्वतःला मोजता येत नाहीत. त्याच्यासमोर पेपर धरून बसायला कोणी नाही का?

ज्ञानदा


नागपूर
१८ एप्रिल २०२१

चि. ज्ञानदा,

दहापैकी दहा. दोन्ही शंका योग्य. परीक्षेत असंच विचार.

पुढचा भाग. खाली उतरायचं ठरलं, पण खालचे सगळे तंबू भरले आहेत. चार ठिकाणी विचारून झालं. मग?

दंड अजून दुखतो, म्हणून एवढंच.

आत्या


सिटीवेस्ट
१९ एप्रिल २०२१

आत्या,

मग त्याला पालथं झोपवायचं, म्हणजे फुप्फुसांचा मागचा भाग उघडतो. प्राणवायू खालून वर आणायचा. आणि त्याच्या घरच्यांना कळवायचं. हे शेवटचं फिजिऑलॉजीत येत नाही, पण मी ते लिहीन.

आत्या, तू बरी आहेस ना? अक्षर फार उतरतं आहे. मी पद्माकरकाकांना मेसेज करून विचारलं, ते म्हणाले, बाई मजेत आहेत.

ज्ञानदा


नागपूर
२० एप्रिल २०२१

चि. ज्ञानदा,

हे पद्माकरच्या हाताने. उत्तर बरोबर. प्रश्न मी विचारायचे, तू नाही. २६ तारखेपर्यंत पत्र लिहू नकोस, वाच. खात्रीने बोल.

आज प्रश्न नाही.

आत्या


सिटीवेस्ट
२६ एप्रिल २०२१

आत्या,

पास झाले. पाचपैकी पाच.

मी चारही भिंती दाखवल्या. चौथीवर खाकी कागदाच्या आकाराचा उजळ चौकोन राहिला आहे. प्राध्यापकबाईंनी विचारलं, इथे काय होतं? म्हटलं, आत्याने काढलेला तक्ता. त्या हसल्या. बहुतेक त्यांना आठवलं.

आकडा मी नऊ सांगितला. श्वसनाचं नियंत्रण. तुझा गिर्यारोहक मी जसाच्या तसा सांगितला, आकड्यांसकट. एकदाही ‘वाटतं’ म्हणाले नाही. शेवटी त्यांनी विचारलं, इतकं छान उदाहरण कोणत्या पुस्तकातलं? मी म्हटलं, पुस्तकातलं नाही, माझ्या आत्याचं आहे.

बाबांनी आज स्वतःहून विचारलं, ताईला कळवलंस का? रविवारी फोन लावू म्हणाले. “ऐकू येणार नाही तिला,” आई म्हणाली. ते म्हणाले, “चेहरा तर दिसेल.”

आता तू मला प्रश्न विचार.

ज्ञानदा


नागपूर
२६ एप्रिल २०२१

चि. ज्ञानदाताई,

तुमचा निकाल आल्याशिवाय हे पत्र पाठवायचं नाही असा हुकूम होता, म्हणून आजवर थांबलो.

आपल्या बाई गुरुवारी, २२ तारखेला सकाळी साडेदहाला गेल्या.

९ तारखेला ताप आला. त्यांनी मला वर येऊ दिलं नाही. जेवण पायरीवर ठेवायचो. कागदावर आकडे लिहून कागद खाली टाकायच्या, पत्रंही तशीच. मी हातमोजे घालून फोटो काढायचो. तेरा तारखेच्या पत्रातला गिर्यारोहक वाचून मी जिन्याखालून ओरडलो, “बाई, हे तुमचेच आकडे आहेत ना?” त्यांनी वरून पाटीवर लिहून दाखवलं, “चूप. परीक्षा आहे तिची.” मी म्हणालो, गिरीशसाहेबांले तरी कळवू. लिहिलं, “तो विमानात बसेल. पोरगी पुस्तक मिटेल. मी तिची एक संधी घालवली आहे, दुसरी घालवणार नाही.”

तुमचं सोळा तारखेचं उत्तर आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यानंतरच मला जागा शोधायला सांगितलं. मी चार ठिकाणी स्कूटर घेऊन गेलो. कुठेच खाट नव्हती. तुमचं एकोणीसचं उत्तर वाचल्यावर मी दार ढकलून वर गेलो. त्यांना पालथं झोपवलं. तुम्ही सांगितलं तसं. आकडा ८४ चा ८८ झाला. वीसचं पत्र त्यांनी तसंच, उशीत तोंड ठेवून सांगितलं. एकवीसला सिलिंडर मिळालं, पण ते पुरलं नाही.

तुम्ही मेसेज केला तेव्हा मी खोटं बोललो. एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, नाही म्हणायची सवय नव्हती. मला माफ करा किंवा करू नका.

मी छापून दिलेल्या तुमच्या सगळ्या उत्तरांचा गठ्ठा त्यांच्या उशाशी होता. तो माझ्याकडे आहे. मला आता थोडा ताप आहे, पण आकडा ९७ आहे.

आपला,
पद्माकर


सिटीवेस्ट
९ मे २०२१

पद्माकरकाकांस,

नमस्कार. तुमचा ताप उतरला हे कळलं, बरं वाटलं.

बाबा दोन दिवस गाडीत जाऊन बसत होते. गाडी सुरू करत नव्हते. आई चहा काचेतून आत द्यायची. काल ते घरात आले आणि म्हणाले, “तेरा तारखेला मला जाता आलं असतं. चौदाचं तिकीट मिळालं असतं.” आता जाता येत नाही.

मी तो प्रश्न तीन दिवस घेऊन बसले होते, काका. ‘तासही पुरतील’ असं माझ्याच हाताने लिहिलं आणि ते लिहायला तीन दिवस घेतले. आकडा वाढायला हवा होता, तो घसरत होता, हे मला दिसलं. लसीचा दंड तीन आठवडे दुखत नाही, हे मला माहीत होतं. सगळं दिसलं, आणि मी त्याला प्रश्नातली चूक म्हटलं.

तिने मला भिंतीवरच्या कागदाबद्दल खरं सांगायला लावलं आणि स्वतः गिर्यारोहक झाली. मला तिचा राग येतो. तो कोणाला सांगायचा ते कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यावर राग नाही.

आणि ते पाच गुण. ते तिच्या आकड्यांवर मिळाले आहेत. पूर्वी असं काही झालं की मी तिला विचारायचे, सांगू का? या वेळी न विचारताच विद्यापीठाला कळवलं, की ते उदाहरण नव्हतं, ती माझी आत्या होती. प्राध्यापकबाईंचं एका ओळीचं उत्तर आलं. तुमचे गुण तुमचेच आहेत, आम्हाला फार वाईट वाटतं. ते उत्तर बरोबर आहे की नाही, ते तपासायला कोणी नाही.

सप्टेंबरमध्ये मी हंगेरीला जाईन. घरमालकिणीला कळवलं आहे, कोट राहू द्या.

गठ्ठा तुमच्याकडेच ठेवा. मी येऊन नेईन.

आमच्याकडे पत्राच्या शेवटी एक प्रश्न असतो, तसा हा आहे. एकोणीस तारखेला तुम्ही दार ढकलून वर गेलात, त्यानंतर तिच्याजवळ होता. तिचे श्वास मिनिटाला किती होते? तुम्ही मोजले होते का? मोजले नसतील तर ‘माहीत नाही’ असं लिहा. चालेल. पण लिहा.

तुमची,
ज्ञानदा